समानार्थी शब्दांची निवड : एका मार्गदर्शिकेच्या निमित्ताने

शब्दांची पारख करण्याचा छंद लखनौ शहराला फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीची घडी विस्कटली, तेव्हा तेथील अनेक कवींनी अवधच्या नबाबांचा आश्रय घेतला आणि कोणता शब्द सभ्य, कोणता गावंढळ, कोणता टाकून द्यावा, याची चर्चा लखनौच्या बैठकींतून मोठ्या चवीने होऊ लागली. पुढे शेख इमाम बख्श नासिख यांच्या परंपरेतील कवींनी तर कवितेत वर्ज्य मानावयाच्या शब्दांचा एक वर्गच केला. उर्दूत अशा शब्दांना ‘मतरूकात’, म्हणजे सोडून दिलेले शब्द, असे नाव आहे.

या सर्वांत नवल वाटावे असा प्रयोग इन्शा अल्ला खाँ ‘इन्शा’ यांनी केला. 1803 च्या सुमारास त्यांनी ‘रानी केतकी की कहानी’ ही गोष्ट लिहिली. तिच्यात हिंदवीवाचून दुसऱ्या कोणत्याही बोलीचा शब्द येऊ द्यावयाचा नाही, अरबी-फारसीचा तर नाहीच, पण पंडिती भाषेचाही वास लागू द्यावयाचा नाही, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. फारसीच्या वातावरणात वाढलेल्या दरबारी कवीने ही अट पाळणे म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने लिहिण्यासारखेच होते. प्रत्येक वाक्यात सवयीचा शब्द जिभेवर येई आणि त्याच्या जागी दुसरा शोधावा लागे. इन्शांनी ते साधले. मात्र हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनी एक गोष्ट हेरली आहे : शब्द बदलले, तरी काही ठिकाणी वाक्याची ठेवण फारसीचीच राहिली.

गंमत अशी की, याच इन्शांनी पुढे 1808 मध्ये ‘दर्या-ए-लताफत’ हा उर्दू भाषेच्या व्याकरणाचा ग्रंथ फारसीत लिहिला आणि त्यात अगदी निराळे मत मांडले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जो शब्द उर्दूत रुळला तो उर्दूचा झाला. मग तो मुळात अरबी असो, फारसी असो, तुर्की असो, पंजाबी असो वा पूरबी असो. मूळ भाषेच्या दृष्टीने तो अशुद्ध असला तरी हरकत नाही. शब्दाची योग्यता ठरवायची ती त्याच्या उगमावरून नव्हे, उर्दूतील वापरावरून. एकाच माणसाने गोष्ट लिहिताना परके शब्द गाळून टाकावेत आणि व्याकरण लिहिताना त्या सर्वांना घरचे म्हणावे, हा विरोध वरवरचा आहे. गोष्ट हा त्यांचा खेळ होता. व्याकरणात मात्र लोक प्रत्यक्ष कसे बोलतात ते त्यांना सांगावयाचे होते.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र अगदी आजचे आणि वरवर पाहता क्षुल्लक आहे. समजा, लखनौतील एखाद्या वाचनालयाला आपल्या वाचकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढावयाची आहे. विषय असा : एका फोनमधील इंटरनेट दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला कसे द्यावे. इंग्रजीत व हिंदीत असा मजकूर पुष्कळ उपलब्ध आहे. तो समोर ठेवून, त्यातील शब्दांच्या जागी सोपे समानार्थी शब्द घालून, नवा मजकूर तयार करावयाचे काम एखाद्या कार्यकर्त्याकडे आले आहे. काम सोपे वाटते. शब्दकोश जवळ असला की झाले. परंतु हे काम करावयास बसलेल्या माणसाला पहिल्या पानावरच कळून येते की, शब्दकोशात शेजारी शेजारी बसणारे शब्द मार्गदर्शिकेत शेजारी बसण्यास तयार नसतात.

येथे एक खुलासा केलेला बरा. दुसऱ्याच्या लेखनातील शब्द पालटले म्हणजे ते लेखन आपले होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या देशातील 1957 चा स्वामित्वहक्काचा कायदा कल्पनेला नव्हे, तर मांडणीला संरक्षण देतो हे खरे. पण वाक्यामागून वाक्य तेच ठेवून केवळ शब्दांची अदलाबदल केली, तर ती नक्कलच ठरते. तेव्हा समानार्थी शब्द शोधण्याचे खरे प्रयोजन एकच : ज्याला मूळ मजकूर कळत नाही त्याला तो कळावा.

आता प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. आपला फोन जवळच्या मनोऱ्याशी रेडिओलहरींनी जोडलेला असतो आणि तेथून त्याला इंटरनेट मिळते. त्याच फोनमध्ये वाय-फायसाठी आणखी एक लहानसे यंत्र असते. एरवी ते घरातील वा कचेरीतील वाय-फाय पकडते. पण आपण सांगितले तर ते उलटे काम करू लागते, म्हणजे स्वतःच एक छोटे केंद्र बनून आसपासच्या उपकरणांना आपल्याशी जोडून घेते. मनोऱ्याकडून आलेले इंटरनेट अशा रीतीने पुढे सरकते. हेच काम केबल लावून करता येते आणि ब्लूटूथनेही करता येते. केबलने केले तर संगणकाकडून फोनला वीजही मिळते. वाय-फायने केले तर फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. ब्लूटूथचा वेग या तिघांत सर्वांत कमी.

विषय एवढाच आहे. अडचण सुरू होते ती नावांपासून.

फोन जेव्हा केंद्र बनतो तेव्हा त्या सोयीला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. शब्दकोशप्रेमी कार्यकर्ता याला ‘तप्तस्थळ’ किंवा ‘उष्णबिंदू’ म्हणेल. वाचक फोन हाताला गरम लागतो का ते पाहील! बरे, मूळचा शब्द तसाच ठेवावा, तर त्याचीही एक आठवण आहे. एप्रिल 2020 मध्ये उत्तर प्रदेश शासनाने पंधरा जिल्ह्यांतील करोनाचे ‘हॉटस्पॉट’ बंदिस्त केले आणि त्या जिल्ह्यांत लखनौही होते. ज्या वस्तीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले तिचे नाव हॉटस्पॉट, असे त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होते. वयस्क वाचकाच्या मनात हा शब्द आजही रोगाशी जोडलेला असू शकतो. तरीसुद्धा मार्गदर्शिकेत तो बदलता येत नाही, आणि याचे कारण भाषेच्या बाहेरचे आहे : फोनच्या पडद्यावर तोच शब्द लिहिलेला आहे. वाचकाला तो समजून घ्यावयाचा नाही, प्रथम शोधावयाचा आहे. अधिक सुंदर शब्द दिला तर तो पडद्यावर सापडणार नाही.

या शब्दाच्या बाबतीत फोन बनविणाऱ्यांनीच घोळ घालून ठेवला आहे, हे सांगणे भाग आहे. एकाच सोयीला अॅपलच्या फोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’, सॅमसंगच्या फोनवर ‘मोबाइल हॉटस्पॉट’, तर शाओमीच्या फोनवर ‘पोर्टेबल हॉटस्पॉट’ म्हणतात. मार्गदर्शिकेने यांतील समान भाग, म्हणजे ‘हॉटस्पॉट’, तेवढा धरावा आणि त्याच्या आधी कोणता शब्द येईल ते कंसात एकदाच सांगून टाकावे. पडद्यावरचे शब्द इंग्रजी असतील तर ते रोमन अक्षरांत जसेच्या तसे छापावेत व शेजारी देवनागरीत उच्चार द्यावा. पुष्कळ लोक हिंदी किंवा मराठी वर्तमानपत्र वाचतात, पण फोन मात्र इंग्रजीतच ठेवतात. हे आपल्याला रुचो वा न रुचो, वस्तुस्थिती ती आहे.

‘टेदरिंग’ या दुसऱ्या शब्दाचे मूळ कळले की मराठी वाचकाला हसू येईल. चरणारे जनावर दूर जाऊ नये म्हणून त्याला बांधण्याची जी दोरी, तिला इंग्रजीत जे म्हणतात त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : दावे. संगणक फोनच्या दावणीला बांधला, असे म्हटले तर कल्पना तंतोतंत उतरते. समजावून सांगताना ही उपमा अवश्य वापरावी. पण ‘दावे चालू करा’ अशी सूचना छापू नये. अर्थ उलगडण्यासाठी वापरावयाचा शब्द आणि बोट टेकविण्यासाठी वापरावयाचा शब्द, हे दोन वेगळे आहेत. समानार्थी शब्दांना मुभा आहे ती पहिल्या ठिकाणी.

आता ‘शेअर करणे’. याला मराठीत ‘वाटणे’ म्हणावे, असे सहज सुचते. परंतु वाटण्याचे प्रकार दोन आहेत. पेढे वाटले तर आपल्याकडचे कमी होतात. बातमी वाटली तर आपल्याकडची कमी होत नाही. फोनवरून छायाचित्र किंवा गाणे दुसऱ्यास पाठविले तरी त्यालाही लोक ‘शेअर करणे’च म्हणतात, आणि तो बातमीचा प्रकार झाला. इंटरनेट देणे हा मात्र पेढ्यांचा प्रकार आहे. फोनधारकाने दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट अशा हिशेबाने पैसे भरलेले असतात. दुसऱ्याने वापरले ते त्याच साठ्यातून जाते. ‘वाटणी’ म्हणावे तर घर फुटल्याची आठवण होते आणि ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा झाल्यासारखे वाटते, तसेही येथे होत नाही. जुन्या शेतीच्या कागदांतील ‘सामाईक’ हा शब्द या सर्वांत जवळचा. सामाईक विहिरीत पाणी एकच असते, उपसणारे अनेक असतात आणि एकाने मोट अखंड चालविली तर दुसऱ्याचे पीक वाळते. लखनौकडील हिंदीत यासाठी ‘साझा’ हा शब्द आहे आणि साझ्याची हंडी चौरस्त्यावर फुटते ही म्हणही आहे. मार्गदर्शिकेत विहिरीची उपमा एकदा दिली की, पुढची सूचना आपोआप पटते : संगणक जोडण्यापूर्वी त्याची आपोआप होणारी मोठी अद्ययावतने थांबवावीत. नाहीतर मालकाचा दिवसभराचा साठा पाऊण तासात संपतो, वेग अगदी मंदावतो आणि ज्या अर्जासाठी हा खटाटोप केला तो अर्ज तसाच राहतो.

‘साठा’ हा शब्द मी वर जाणून वापरला. इंग्रजीतील ‘डेटा’ याला मराठीत ‘विदा’ असा चांगला शब्द आहे. शास्त्रीय लेखनात तो वापरावाच. पण ‘माझा डेटा संपला’ असे म्हणणाऱ्याची विदा संपलेली नसते, पैसे देऊन घेतलेले माप संपलेले असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत आणि त्यांना दोन निराळे प्रतिशब्द लागतात. कोशात पाहून सर्व ठिकाणी ‘विदा’ घालणारा माणूस या ठिकाणी हमखास फसतो. ‘रेंज’चे तसेच. महाराष्ट्रात ‘रेंज नाही’ म्हणजे मनोऱ्याचा संदेश पोहोचत नाही. इंग्रजी मार्गदर्शिकेत मात्र त्या शब्दाचा अर्थ असतो, दोन उपकरणांमधील अंतर. ‘रेंजमध्ये राहा’ असे भाषांतर केले, तर मराठी वाचक फोन घेऊन गच्चीवर जाईल आणि खाली बसलेल्या भावाचा संगणक तुटेल. ‘दोन्ही उपकरणे एकाच खोलीत ठेवा’ असे लिहावे. येथे समानार्थी शब्द शोधण्यापेक्षा गोष्ट सरळ सांगणे सोपे आहे.

परंतु सर्वांत घातक ठरतो तो ‘जोडणे’ हा निरुपद्रवी दिसणारा शब्द. ब्लूटूथवर दोन क्रिया होतात. पहिली, दोन उपकरणांची एकमेकांशी ओळख करून देणे. ही एकदाच करावी लागते. दुसरी, ओळख असलेल्या उपकरणांचा त्या वेळेपुरता संबंध जुळविणे. ही दर खेपेस करावी लागते. इंग्रजीत या क्रियांना दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींना ‘जोडणे’ म्हटले की, वाचक म्हणतो, “मी तर जोडले होते, मग पुन्हा जोडा असे का लिहिले आहे?” आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. पहिलीला ‘ओळख करून देणे’ व दुसरीला ‘जोडणे’ म्हणावे. तोडण्याच्या बाजूलाही हीच कथा. हॉटस्पॉट बंद करणे, फोनचे इंटरनेट बंद करणे, चालू संबंध तोडणे आणि साठवलेला पासवर्ड पुसून ते वाय-फाय ‘विसरणे’, या चार वेगळ्या क्रिया आहेत. चारींना ‘बंद करणे’ म्हणणारी मार्गदर्शिका वाचून एखादा गृहस्थ आपल्याच घरातील वाय-फाय विसरून बसतो आणि त्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही.

शाळेत आपल्याला शिकविले जाते की, एकच शब्द पुनःपुन्हा वापरू नये; भाषा कंटाळवाणी होते. निबंधापुरती ही शिकवण ठीक आहे. मार्गदर्शिकेत ती अनर्थ करते. पुढील उतारा पाहावा. तो मुद्दाम रचला आहे, पण अशा धर्तीचे लेखन वाचकांच्या पाहण्यात नक्कीच असेल :

‘आपल्या भ्रमणध्वनीवरील आंतरजाल-सुविधा कार्यान्वित करावी. तदनंतर तप्तस्थळ सक्रिय करून परवलीचा शब्द निश्चित करावा. अन्य उपकरणाने सदर जाळ्याशी संधान बांधून गुप्तशब्द नोंदवावा. संपर्क प्रस्थापित न झाल्यास दूरध्वनीसंचाची जोडणी पुनश्च चेतवावी.’

एकाही शब्दाचा अर्थ चुकलेला नाही. परंतु फोनची नावे दोन, पासवर्डची दोन, चालू करण्याची तीन. ‘भ्रमणध्वनी’ आणि ‘दूरध्वनीसंच’ एकच की वेगळे? ‘परवलीचा शब्द’ ठरविला, तो ‘गुप्तशब्द’ म्हणून लिहावयाचा, की तो आणखी दुसरा आहे? ज्याला हे आधीच येते त्यालाच हा उतारा कळेल. खेदाची गोष्ट म्हणजे ‘परवलीचा शब्द’ हा पहारेकऱ्यांच्या भाषेतून आलेला फार नेटका शब्द आहे. एकट्याने वापरला असता तर त्याने काम केले असते. जोडीदार दिल्यामुळे तो फुकट गेला. आता तेच असे लिहून पाहू :

‘ज्या फोनमध्ये इंटरनेट आहे तो पहिला फोन. ज्याला ते द्यावयाचे आहे तो दुसरा फोन. पहिल्या फोनवर ‘मोबाइल डेटा’ चालू आहे का ते पाहा. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘हॉटस्पॉट’ चालू करा. तेथेच हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड दिसेल. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा ठेवा. दोन्ही कागदावर उतरवून घ्या. आता दुसऱ्या फोनवर ‘वाय-फाय’ चालू करा. यादीत पहिल्या फोनच्या हॉटस्पॉटचे नाव शोधा, त्यावर बोट टेकवा आणि पासवर्ड लिहा. काम झाले की पहिल्या फोनवरील हॉटस्पॉट बंद करा.’

या उताऱ्यात सौंदर्य नाही. ‘चालू’ तीनदा आले आहे आणि ‘फोन’ तर मोजवत नाही. ‘यजमान फोन’ आणि ‘पाहुणा फोन’ असे म्हणण्याचा मोह लखनौच्या माणसाला होईल. त्या शहराला पाहुणचाराचा अभिमानच आहे. पण ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ यांना काही समजावून सांगावे लागत नाही.

एका वस्तूला एका पुस्तकात एकच नाव, हा दंडक लखनौशी निकट संबंध असलेल्या एका मराठी पंडिताने फार काटेकोरपणे पाळला होता. 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे. भातखंडे यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. त्यात रागांच्या वर्गासाठी परंपरेने चालत आलेला ‘मेल’ हा शब्द आहे. मराठीत लिहिताना मात्र त्यांनी गवयांच्या तोंडचा ‘थाट’ हा शब्द घेतला. दोन्हींचा अर्थ एकच. पण पंडितासाठी एक आणि विद्यार्थ्यासाठी दुसरा. त्यांच्या क्रमिक पुस्तकांचे मराठीतून हिंदीत रूपांतर झाले तेव्हा भोवतालचे सारे वाक्य बदलले. थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह आणि पकड हे शब्द जागचे हलले नाहीत. पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला ते शब्द गुरूच्या तोंडी ऐकावयाचे होते. आपल्या मार्गदर्शिकेत गुरूची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे, एवढाच फरक.

डोळे मिटून शब्द पालटले तर काय होते, याचा एक नमुना 2021 मध्ये जगासमोर आला. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांचे सहकारी शास्त्रीय नियतकालिकांतील लेख तपासत असता त्यांना काही चमत्कारिक शब्दप्रयोग सापडले. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थी ‘बनावट जाणीव’, स्तनाच्या कर्करोगाला ‘उराचे संकट’ अशा धर्तीचे ते इंग्रजी प्रयोग होते. दुसऱ्याचे लेखन उचलून ते ओळखू येऊ नये म्हणून त्यातील प्रत्येक शब्दाच्या जागी यंत्राने समानार्थी शब्द घातला होता. या संशोधकांनी अशा प्रयोगांना ‘छळलेले शब्दप्रयोग’ असे नाव दिले. यंत्राने कोशाबाहेरचे काहीही केले नव्हते. आपला कार्यकर्ता ‘तप्तस्थळ’ लिहितो तेव्हा तोही निराळे काही करीत नाही.

यावर कोणी विचारील की, मग नवे मराठी शब्द घडवूच नयेत काय? घडवावेत, आणि आपण ते पूर्वीपासून घडवीत आलो आहोत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले आणि अष्टप्रधानांची नावेही बदलली. सुरनीसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती झाला. हे दोन्ही शब्द आज घरोघरचे आहेत. परंतु पेशव्यांचा जो मुख्य प्रधान झाला, तो शिक्क्यावर राहिला आणि लोकांच्या तोंडी शंभर-सव्वाशे वर्षे पेशवेच राहिले. कोणता पर्याय रुजेल हे कोशकाराच्या हाती नसते. इन्शांनी 1808 मध्ये उर्दूविषयी सांगितले ते मराठीलाही लागू आहे. ‘संगणक’ रुजला. ‘भ्रमणध्वनी’ निमंत्रणपत्रिकेवर दिसतो, बोलण्यात नाही. ‘आंतरजाल’ अजून मध्येच आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने या स्पर्धेचा निकाल लावण्याचे काम आपल्या शिरावर घेऊ नये. प्रास्ताविकात ‘इंटरनेट, म्हणजे आंतरजाल’ असे एकदा म्हणून पुढे एकच शब्द चालवावा. अर्जाच्या अखेरच्या दिवशी, रात्री दहा वाजता, शेजाऱ्याचा फोन मागून आणलेल्या मुलीला त्या वेळी भाषेचे नव्हे, अर्जाचे काम असते.

मजकूर लिहून झाला की, तो छापण्यापूर्वी अशा एखाद्या माणसाच्या हाती द्यावा, ज्याने हे कधी केलेले नाही. दोन फोन त्याच्यापुढे ठेवावेत आणि आपण शेजारी गप्प बसावे. गप्प बसणे फार कठीण जाते, पण बसावे. तो एक ओळ वाचील, बोट पुढे नेईल, पुन्हा कागदाकडे पाहील. बोट जेथे थबकेल त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि तो शब्द बदलावा. जेथे थबकत नाही तेथील शब्द कितीही ओबडधोबड असला तरी तसाच राहू द्यावा. बहुधा पहिली खूण ‘जोडा’ या शब्दावर होते.